मधुमेही मुलाला उपाशी ठेवू नका

मधुमेह म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पोट सुटलेला, पन्नाशीचा गृहस्थ येतो. पण हा आजार शाळकरी मुलांनाही होतो, अगदी दोन-तीन वर्षांच्या पोरांनाही. त्यांचा मधुमेह मात्र बहुधा वेगळा असतो. मोठ्यांच्या शरीरात इन्सुलिन असते, पण ते पुरे पडत नाही. मुलांच्या या ‘टाइप १’ मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. गोड जास्त खाल्ल्याने तो होत नाही, तेव्हा आईने स्वतःला दोष देऊ नये. इन्सुलिनची इंजेक्शने हाच उपचार. कारल्याचा रस किंवा मेथीची पूड त्याची जागा घेऊ शकत नाही.

हा फरक न कळल्याने आजोबांचे पथ्य नातवंडाला लावले जाते. भात बंद, केळे बंद, बटाटा बंद, भाकरी अर्धी. माझ्याकडे येणारी दहा वर्षांची एक मुलगी अशीच वाळत चालली होती. “डॉक्टर, ही डब्यातले गूळ-शेंगदाणे चोरून खाते हो,” आई सांगत होती. पोरगी मान खाली घालून बसलेली. वर्षभरात वजन एक किलोही वाढले नव्हते. मी म्हणालो, “अहो ताई, ही चोर नाही, उपाशी आहे.”

उपासमार हा इन्सुलिनच्या शोधापूर्वीचा उपचार. तेव्हा अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन अशा मुलांना अत्यल्प आहारावर ठेवीत. मुले थोडी जास्त जगत, पण हाडांचा सापळा होऊन. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले, तेव्हा त्याचे वजन जेमतेम ३० किलो होते. त्यानंतर या मुलांना पोटभर जेवू घालणे शक्य झाले. आपण मात्र अजून १९२२ च्या मागेच राहतो!

मधुमेही मुलाला त्याच्या वयाच्या इतर मुलांइतकेच अन्न लागते. ढोबळ हिशेब असा: १००० कॅलरी, अधिक वयाच्या प्रत्येक वर्षाला १००. म्हणजे दहाव्या वर्षी सुमारे २०००. त्यासाठी वेगळा स्वयंपाक नको. पोळी, भाकरी, भात, वरण, उसळ, पालेभाजी, दूध, अंडे सगळे चालते. सांभाळायचे ते प्रमाण आणि वेळ. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीतून सुमारे २० ग्रॅम कर्बोदके मिळतात, १०० ग्रॅम शिजलेल्या भातातून २८ च्या आसपास. आपल्याकडची थोराड भाकरी दोन पोळ्यांइतकी धरावी, कधी तीनही. एकदा पीठ तोलून पाहा आणि भाताची वाटी रोज तीच ठेवा, म्हणजे डॉक्टरांना इन्सुलिनचा डोस त्याप्रमाणे बसवता येतो. साखरेऐवजी गूळ किंवा मध देणे ही नुसती मनाची समजूत. रक्तात त्यांचीही साखरच होते. साबुदाणा तर निव्वळ पिष्ट. मुलांकडून उपवास करवू नये. सणाला एखादा मोदक जेवणातच, पोळी कमी करून द्यावा. भावंडे खात असताना त्याने नुसते पाहत बसावे हे मला पटत नाही.

साधे (रेग्युलर) इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास टोचतात. ते टोचले की जेवण टळता कामा नये. कबड्डीला किंवा पोहायला जाण्यापूर्वी थोडे जादा खायला द्यावे. नाहीतर साखर उतरते. घाम, थरथर, एकाएकी चिडचिड, असंबद्ध बोलणे या तिच्या खुणा. मीटरवर आकडा ७० च्या खाली दिसला की तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, अगदी लहान मुलाला याच्या निम्मी, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. अशा वेळी पेढा किंवा चॉकलेट नको. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता ताबडतोब रुग्णालय गाठावे. दप्तरात साखरेची पुडी कायम हवी आणि वर्गशिक्षकांना ती कशासाठी आहे हे ठाऊक हवे.

ताप-उलट्यांत मूल जेवत नाही, म्हणून घरचे इन्सुलिनही बंद करतात. हे जिवावर बेतू शकते. अशा दिवशी डोस बदलावा लागेल, पण पूर्ण बंद करायचा नाही. पेज, ताक, सरबत घोटघोट द्यावे, दर दोन-तीन तासांनी साखर तपासावी, लघवीतील कीटोनही पाहावेत. उलट्या थांबत नसतील, पोट दुखत असेल किंवा धाप लागली असेल तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.