एकवीस हजारांची उधारी

नमुना एक दाखवायचा आणि गोणीत माल दुसरा भरायचा, ही बाजारातील सर्वांत जुनी लबाडी होय. ती जाणूनबुजून केलेली असो किंवा घाईगर्दीत घडलेली असो, फसलेल्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने त्यात फारसा फरक नसतो. १० डिसेंबर २०२० रोजी जगभरच्या लाखो गिऱ्हाइकांना नेमका हाच अनुभव आला. विकला गेलेला जिन्नस कापड नव्हता, धान्य नव्हते, सोनेही नव्हते. तो एक व्हिडिओ गेम होता आणि त्याचे नाव होते ‘सायबरपंक २०७७’.

मुलांच्या हातातील खेळ म्हणून घरातील वडीलधारी मंडळी ज्याकडे दुर्लक्ष करतात, त्या व्यवसायाची उलाढाल आज फार मोठी आहे. आणि या एका खेळाची कथा तर व्यापाराच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभेल अशी आहे. पत कशी कमावली जाते, एका दिवसात ती कशी जाते आणि परत मिळवायला किती वर्षे लागतात, हे तीनही अध्याय तिच्यात आहेत.

पहिला अध्याय पोलंडमधील वॉर्सा शहरातला. मार्चिन इविन्स्की आणि मिखाउ किचिन्स्की हे दोघे शाळासोबती. साम्यवादी राजवट नुकतीच संपलेली होती आणि संगणकावरील खेळांच्या नकला शहराच्या बाजारात उघडपणे विकल्या जात होत्या. या दोघांचाही आरंभ त्याच बाजारात झाला. पुढे १९९४ मध्ये त्यांनी ‘सीडी प्रोजेक्ट’ ही कंपनी काढली आणि परदेशी खेळ रीतसर आयात करून विकायला सुरुवात केली. अडचण उघड होती. शेजारच्या गाळ्यावर तोच खेळ नाममात्र दरात मिळत असताना अस्सल प्रतीला अधिक पैसे कोण मोजणार? १९९९ मध्ये ‘बाल्डर्स गेट’ हा गाजलेला खेळ पोलंडमध्ये आणताना त्यांनी याचे उत्तर शोधले. संपूर्ण खेळ पोलिश भाषेत आणला, संवादांसाठी नामवंत नट घेतले आणि खोक्यात नकाशा, नियमांचे पुस्तक व संगीताची तबकडीही घातली. भावात स्पर्धा करण्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या पदरात अधिक काही टाकायचे, हा त्यांचा हिशेब होता. तो अचूक ठरला.

पुढे कंपनी स्वतः खेळ घडवू लागली. ‘द विचर’ या मालिकेचा तिसरा भाग मे २०१५ मध्ये आला तेव्हा खोक्यात खेळाडूंचे आभार मानणारे पत्र होते आणि नंतर १६ छोट्या पुरवण्या कोणतेही जादा मोल न घेता देण्यात आल्या. जास्तीत जास्त पैसे उकळण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या धंद्यात अशी वागणूक दुर्मीळ होती. ‘हे लोक गिऱ्हाइकाला फसवणार नाहीत’ अशी ख्याती पसरली आणि या ख्यातीच्याच बळावर पुढचा खेळ विकला गेला.

‘सायबरपंक २०७७’ हा ‘ओपन वर्ल्ड’ पद्धतीचा खेळ आहे. खेळाडू स्वतः कथेतील पात्र होतो, विस्तीर्ण शहरात मनाला येईल तिकडे फिरतो, कामे पत्करतो, निर्णय घेतो, आणि त्या निर्णयांनुसार पुढची कथा वळण घेते. हे शहर म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील काल्पनिक ‘नाइट सिटी’. माइक पाँडस्मिथ यांनी १९८८ मध्ये रचलेल्या कागदी खेळातून ते आले आहे. तेथे सरकारपेक्षा कंपन्या बलाढ्य आहेत आणि माणसे डोळ्यांपासून हातापर्यंत यंत्रे बसवून घेतात. ‘व्ही’ हा या कथेचा नायक. खेळाडूच्या इच्छेनुसार ती नायिकाही होऊ शकते. एका फसलेल्या चोरीनंतर व्हीच्या मेंदूत जॉनी सिल्व्हरहँड या मृत गायकाची स्मृती साठवलेली चिप राहते आणि ती हळूहळू व्हीचे स्वत्वच पुसू लागते. जॉनीच्या भूमिकेत प्रसिद्ध नट कियानू रीव्ह्ज आहेत.

या खेळाची घोषणा २०१२ मध्ये झाली होती. आठ वर्षे गिऱ्हाइकांनी वाट पाहिली. एप्रिल २०२० ची तारीख सप्टेंबरवर गेली, सप्टेंबरची नोव्हेंबरवर आणि नोव्हेंबरची डिसेंबरवर. तरीही विश्वास इतका दांडगा की, खेळ बाजारात येण्यापूर्वीच ८० लाख प्रतींचे पैसे आगाऊ भरले गेले होते. पहिल्याच दिवशी ‘स्टीम’ या संगणकीय विक्रीकेंद्रावर एकाच वेळी दहा लाखांहून अधिक माणसे हा खेळ खेळत होती.

आणि येथेच नमुना व माल यांतील अंतर उघडे पडले. समीक्षकांना आधी दिलेल्या प्रती केवळ शक्तिशाली संगणकांवर चालणाऱ्या होत्या. परीक्षणात स्वतः टिपलेली दृश्ये दाखवण्याचीही सुरुवातीला त्यांना मुभा नव्हती. कंपनीने पुरवलेलीच दृश्ये वापरायची होती. प्रत्यक्षात फार मोठ्या गिऱ्हाइकवर्गाकडे २०१३ साली निघालेली प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन ही जुनी यंत्रे होती, आणि त्यांवर खेळ कसा चालतो हे विक्रीपूर्वी कोणालाच पाहायला मिळाले नव्हते.

त्या दिवसांतील खेळाडूंचे अभिप्राय एकत्र वाचले तर दोन निराळ्या खेळांविषयी लोक बोलत असावेत असे वाटते. ज्यांच्याकडे महागडे संगणक होते, ते पावसाने भिजलेल्या रस्त्यांवरील रंगीत पाट्यांचे, जॅकी वेल्स या जिवलग मित्राचे आणि एकामागून एक उलगडणाऱ्या कथांचे कौतुक करीत होते. जुन्या यंत्रांवर खेळणाऱ्यांना मात्र धूसर चेहरे दिसत होते. माणसे दोन्ही हात आडवे पसरून पुतळ्यासारखी उभी राहत, मोटारी डोळ्यांदेखत नाहीशा होत, गुन्हा घडताच पोलीस हवेतून पाठीमागे प्रकट होत, आणि मध्येच सारा खेळ बंद पडे. काहींनी हे प्रसंग टिपून विनोद म्हणून एकमेकांना पाठवले. परंतु वर्षभर पैसे साठवून खेळ घेणाऱ्याला त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

चार दिवसांनी कंपनीने क्षमा मागितली आणि पैसे परत देण्याची तयारी दाखवली. १७ डिसेंबर रोजी सोनीने तर हा खेळ आपल्या दुकानातूनच काढून टाकला आणि मागणाऱ्याला पैसे परत केले. एवढ्या मोठ्या खेळाच्या वाट्याला अशी नामुष्की क्वचितच आली असेल. तो त्या दुकानात परतला २१ जून २०२१ रोजी, म्हणजे सहा महिन्यांनी. दरम्यान कंपनीचे समभाग कोसळले. अमेरिकेत भागधारकांनी खटला भरला आणि तो मिटवताना १८.५ लाख डॉलर देण्याचे ठरले.

वही मात्र काही वेगळेच सांगत होती. वर्षअखेरपर्यंत १ कोटी ३७ लाख प्रती विकल्या गेल्या होत्या. पैसा आला होता, पत गेली होती. अशा वेळी अनेक कंपन्या फसलेला माल तसाच सोडून पुढच्या धंद्याला लागतात. जानेवारी २०२१ मध्ये इविन्स्की स्वतः चित्रफितीत समोर आले. दोष कारागिरांचा नसून निर्णय घेणाऱ्यांचा आहे, असे त्यांनी मान्य केले आणि खेळ दुरुस्त करण्याचे वचन दिले.

दुरुस्तीला जवळजवळ तीन वर्षे लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये नव्या यंत्रांसाठीची आवृत्ती आली. ज्यांनी जुन्या यंत्रासाठी खेळ घेतला होता, त्यांना ती विनामूल्य मिळाली. सप्टेंबर २०२२ मध्ये याच शहरावर बेतलेली ‘एजरनर्स’ ही जपानी चित्रमालिका नेटफ्लिक्सवर आली आणि अनेकांची पावले पुन्हा नाइट सिटीकडे वळली. २१ सप्टेंबर २०२३ रोजी आलेल्या सुधारणेत पोलिसांचे वागणे, पात्राची कौशल्ये, वाहनांवरून होणाऱ्या चकमकी असे बरेच काही नव्याने रचण्यात आले. त्यानंतर पाच दिवसांनी ‘फँटम लिबर्टी’ ही मोठी पुरवणी प्रसिद्ध झाली. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये, सातत्याने सुधारत राहिलेल्या खेळासाठीचा पुरस्कार ‘सायबरपंक’ला मिळाला.

खेळाडूंच्या बोलण्याचा विषयही या काळात बदलला. बिघाडांची चर्चा मागे पडली आणि शहरातल्या माणसांची सुरू झाली. मित्र जॅकीच्या मृत्यूनंतर त्याची आई आपल्या मद्यगृहात त्याच्यासाठी स्मरणवेदी मांडते. मेक्सिकन रीतीप्रमाणे तेथे त्याच्या आवडीची एखादी वस्तू ठेवायची असते, आणि कोणती वस्तू न्यायची हे खेळाडूला ठरवावे लागते. चकमकींच्या खेळात ही शांत घटका अनेकांच्या लक्षात राहिली.

दुसरी आठवण रेजिना जोन्सची. पूर्वी पत्रकार असलेली ही बाई खेळाडूवर एक काम सोपवते. शरीरात यंत्रे भरून भरून ज्यांचे भान हरपले आहे अशी १७ माणसे शहरात आहेत. त्यांना ठार मारू नये, जिवंत पकडावे, कारण त्यांच्यावर उपचार होण्याची आशा तिला आहे. शस्त्र हाती असूनही ते रोखून धरणे हे मारण्यापेक्षा अवघड आहे, असे हे काम पार पाडणारे सांगतात. काही खेळाडू तर याच्याही पुढे जातात. जेथे पर्याय आहे तेथे कोणाचाही जीव न घेता, लपतछपत किंवा प्रतिस्पर्ध्याला केवळ बेशुद्ध करून, ते सारा खेळ पुढे नेतात. हिंसेने भरलेल्या शहरात खेळाने हा मार्ग खुला ठेवला आहे आणि तो निवडणारेही आहेत, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

याचा अर्थ हा खेळ घरातील मुलांच्या हाती द्यावा असा मुळीच नाही. युरोपातील मानांकनानुसार तो १८ वर्षांवरील व्यक्तींसाठीच आहे. त्यात रक्तपात, नग्नता, व्यसने आणि शिवराळ भाषा आहे. खोक्यावरील वयाचा आकडा पाहिल्याशिवाय कोणताही खेळ विकत घेऊ नये, ही सावधगिरी पालकांनी बाळगलीच पाहिजे.

तिसरी आठवण व्यापारी घरातील वाचकाला विशेष जवळची वाटेल. कथेच्या आरंभी व्हिक्टर नावाचा वैद्य व्हीला नवे डोळे बसवून देतो. व्हीजवळ तेव्हा पैसे नसतात. व्हिक्टर कागद लिहून घेत नाही, तारण मागत नाही; सवडीने दे म्हणतो. उधारी होते २१,००० ची. पुढे खेळाडूच्या हाती पैसा खेळू लागतो, आणि त्याच पैशांत नवी मोटार येऊ शकते, उत्तम शस्त्र येऊ शकते. व्हिक्टरचे पैसे बुडवले तरी कोणी दारात येत नाही, कथा अडत नाही, शिक्षाही होत नाही. तरीही पहिली मोठी कमाई हाती येताच त्याच्या दवाखान्यात जाऊन रक्कम चुकती करणारे खेळाडू पुष्कळ आहेत. तसे करायला त्यांना कोणी सांगितलेले नसते. ज्याने अडचणीच्या वेळी विश्वास टाकला त्याचे देणे आधी, एवढाच त्यांचा विचार असतो.

जे पात्राला कळते ते कंपनीला कळले का? बऱ्याच अंशी कळले. नोव्हेंबर २०२४ पर्यंत विक्री ३ कोटी प्रतींच्या पुढे गेली. पहिल्या महिन्यात रागाने बाजूला ठेवलेला खेळ पुन्हा हाती घेऊन मत बदलणारे खेळाडू हजारोंनी आहेत. परंतु खाते अजून पूर्ण मिटलेले नाही. २०२३ ची ती मोठी सुधारणा आणि पुरवणी प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवर कधी आलीच नाही. ज्या गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी सर्वांत वाईट माल मिळाला, त्यालाच सुधारलेला माल हवा असेल तर आधी नवे यंत्र विकत घ्यावे लागले. ज्याच्यापाशी तेवढे पैसे होते त्याचा राग गेला. ज्याच्यापाशी नव्हते त्याच्या हाती पैसे परत मागण्याखेरीज काही उरले नाही. म्हणून आजही खेळाचे कौतुक करणाऱ्यांच्या बाजूलाच ‘आम्हांला विकलेल्या मालाचे काय?’ असे विचारणारा एक आवाज ऐकू येतो. तो आवाज बरोबर आहे.

आणखी एक बदल खेळाडूंनी स्वतःमध्ये केला. खेळ निघण्यापूर्वीच आगाऊ पैसे भरण्याची सवय अनेकांनी सोडली. आता ते प्रत्यक्ष माल पाहतात, आपल्याजवळच्या यंत्रावर तो चालतो का हे विचारतात, चार जणांचा अनुभव ऐकतात आणि मगच पैसे मोजतात. कोणत्याही बाजारात शहाणे गिऱ्हाईक हेच करते.

सीडी प्रोजेक्ट आता ‘द विचर’ मालिकेचा चौथा भाग घडवीत आहे. त्याचे चलतचित्र डिसेंबर २०२४ मध्ये दाखवले गेले तेव्हा आनंदाबरोबर सावध प्रश्नही उमटले. दुकान तेच आहे, कारागिरी उत्तम आहे, गर्दीही पूर्वीसारखीच आहे. मात्र आता गिऱ्हाईक गोणी उघडून पाहिल्याशिवाय पैसे काढत नाही.