आजीच्या केकमधलं आंबट दूध

अमेरिकेतल्या जुन्या घरांत आजीच्या हस्ताक्षरातल्या पाककृतींच्या वह्या अजून निघतात आणि त्यांत सफरचंदाचा केक बहुधा असतोच. कृती जेमतेम चार-पाच ओळींची. अंड्याएवढं लोणी, दोन पेले मैदा, पेलाभर आंबट दूध, थोडा सोडा, सफरचंदाच्या फोडी, दालचिनी. मध्यम आचेवर भाजणे. पेला कुठला? घरातला. भाजायचं किती वेळ? होईपर्यंत. ‘मीठ अंदाजाने’ लिहिणाऱ्या आपल्या आज्यांना या बाईशी बोलायला दुभाषा लागला नसता.

मापांचं कोडं त्या मानाने सोपं आहे. अंड्याएवढं लोणी म्हणजे साधारण 55 ग्रॅम. मध्यम आच म्हणजे अंदाजे 175 ते 190 अंश सेल्सिअस. त्या काळी ओव्हनमध्ये हात धरून, किंवा पांढरा कागद आत ठेवून तो किती वेळात तांबूस होतो ते बघून, ती ओळखत. सपाट चमचा आणि सपाट कप यांचा आग्रह फॅनी फार्मर यांनी 1896च्या ‘बोस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’मध्ये धरला, पण घरोघरच्या वह्या आपल्या चालीनेच चालत राहिल्या.

खरी गोम आहे ती आंबट दुधात. पाश्चरीकरण रुळण्याआधी घरात ठेवलेलं दूध लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंमुळे आपसूक आंबायचं. ते टाकून न देता केकमध्ये जायचं. आज पिशवीतल्या दुधात हे जिवाणू बहुतेक मेलेले असतात. उष्णतेतून तगलेले किंवा नंतर शिरलेले दुसरेच जिवाणू ते दूध नासवतात आणि कडू करतात. त्यामुळे आपल्याकडचं नासलेलं दूध म्हणजे वहीतलं आंबट दूध नव्हे. त्याच्या जागी ताक किंवा घुसळलेलं दही घ्यावं.

दूध आंबटच हवं, कारण सोड्याला आम्ल लागतं. सोडियम बायकार्बोनेट आणि आम्ल एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. लोणी-साखर फेसताना पिठात जे हवेचे बारीक बुडबुडे अडकलेले असतात, त्यांत हा वायू शिरतो, ते फुगतात आणि केक वर येतो. आम्ल नसलं तरी भट्टीच्या उष्णतेने सोडा फुटतो, पण मग वायू निम्माच मिळतो आणि मागे सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, उरतो. केकला येणारी साबणासारखी चव त्याचीच. सोड्याच्या आधी तर हेच काम लाकडाच्या राखेतून काढलेला क्षार करत असे. 1796च्या अमेलिया सिमन्स यांच्या ‘अमेरिकन कुकरी’त तो आहे. कोरडं आम्ल आणि सोडा एकाच डब्यात घालून बेकिंग पावडर करण्याची युक्ती इंग्लंडमधल्या अल्फ्रेड बर्ड यांनी 1843मध्ये काढली. बायकोला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून! नवऱ्याच्या प्रेमाचं याहून उपयोगी उदाहरण रसायनशास्त्रात शोधावं लागेल.

आता सफरचंद. त्यात सुमारे 85 टक्के पाणी आणि मॅलिक आम्ल. कापल्यावर काळी पडलेली फोड बघून घाबरू नये; तो पॉलिफेनॉल ऑक्सिडेज या विकराचा उद्योग, आणि उष्णतेने तो थांबतो. जात मात्र महत्त्वाची. आपल्या बाजारातलं हिमाचली डेलिशियस मूळचं अमेरिकेचंच, सॅम्युअल स्टोक्स यांनी शंभरेक वर्षांपूर्वी कोटगढला लावलेलं. खायला गोड, पण आम्ल कमी आणि भाजल्यावर पार पिचकणारं. केकला हिरवं, आंबट ग्रॅनी स्मिथच बरं. त्या नावामागेही खरीखुरी आजी आहे: सिडनीजवळच्या मारिया अ‍ॅन स्मिथ.

घरी करून बघणाऱ्यांसाठी: कपभर ताकाला सपाट अर्धा छोटा चमचा सोडा पुरतो. डेलिशियसच वापरायचं असेल तर फोडींवर लिंबू पिळा. केक झाला का बघताना सळई फोडीत घुसवू नका, ती ओलीच निघणार. आणि सगळा केक पहिल्याच दिवशी संपवू नका. फोडींतला ओलावा हळूहळू सगळीकडे पसरतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो.