दोन चाव्यांची तंबाखू

बँकेच्या नोकरीत १९९१ ते १९९४ अशी तीन वर्षं मी निपाणीला होतो. निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव. व्यापारी माल वखारीत भरायचे, त्या मालाच्या तारणावर बँक कर्ज द्यायची आणि वखारीला बँकेचं कुलूप लागायचं. महिन्यातून एकदा पोती मोजायला मी जात असे. दार उघडलं की उग्र दर्प नाकाडोळ्यांत शिरायचा, शिंकांनी बेजार व्हायला व्हायचं. व्यापारी हसून म्हणायचे, "साहेब, होईल सवय." सवय झाली. बदली झाली तेव्हा निपाणीहून मी दोन गोष्टी घेऊन निघालो, एका कादंबरीचं बाड आणि एक तंबाखूची चंची. कादंबरी छापून आली आणि लोक ती विसरलेही. चंची राहिली. पुढे तिची जागा प्लास्टिकच्या पुडीनं घेतली, एवढंच.

वखारीतल्या तंबाखूला कुलूप लावणारा हा माणूस घरातली तंबाखू मात्र सदऱ्याच्या खिशात ठेवत असे आणि सदरा खुर्चीच्या पाठीवर.

२०२२ मध्ये मुलानं नातीसाठी कुत्र्याचं पिल्लू आणलं. गावठीच, साडेतीन महिन्यांचं, वजन जेमतेम पाच किलो. नाव बंड्या. एका दुपारी जेवून मी आडवा झालो होतो, तो नातीच्या हाकेनं उठलो. बंड्या दारात उभा होता आणि त्याच्या तोंडातून लाळेची धार लागली होती. मग उलटी झाली. मागचे पाय लटपटू लागले, सगळं अंग थरथरू लागलं. खुर्चीखाली पुडीच्या चिंध्या पडल्या होत्या.

शेजारचे गृहस्थ धावून आले. "पित्त खवळलंय, चिमूटभर खायचा सोडा पाण्यातून पाजा," म्हणाले. सौभाग्यवती वाटी-चमचा घेऊन आल्याही. तेवढ्यात जनावरांच्या डॉक्टरांना फोन लागला. ते म्हणाले, "सोडा, चुन्याची निवळी, ॲसिडिटीचं औषध, यातलं काही देऊ नका. घरी उलटीही करवू नका. तोंडात उरलेली तंबाखू काढा, पुडी बरोबर घ्या आणि निघा."

कारण त्यांनी नंतर सांगितलं आणि मला माझी लाज वाटली. तीस वर्षं मी तंबाखूला चुना लावून मळत होतो. चुन्यानं तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि गालातून भराभर रक्तात उतरतं. म्हणून तर ती 'लागते'. पोटातलं आम्ल उलट निकोटिनला काहीसं अडवून धरतं. त्यावर सोडा पाजणं म्हणजे पिल्लाच्या पोटात तंबाखू मळून देण्यासारखंच.

बँकवाल्याला हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे एक-दोन मिलिग्रॅम निकोटिन पोटात गेलं तरी विषबाधा होऊ शकते. नऊ-दहा मिलिग्रॅम गेलं तर जीवही जाऊ शकतो. एका सिगारेटच्या तंबाखूत दहा मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक निकोटिन असतं. म्हणजे बंड्याएवढ्या पिल्लाला अडचणीत आणायला एक सिगारेट पुरे. ओढून फेकलेल्या थोटकातही थोडं उरतंच. लक्षणं पाव तास ते तासाभरात दिसू लागतात. लाळ, उलट्या, जुलाब, धाप, थरथर आणि पुढे आचके. या विषावर नेमका असा उतारा नाही. सलाईन, औषधी कोळसा, आचके थांबवणारी औषधं, एवढंच डॉक्टरांच्या हाती असतं.

पहिले चार-पाच तास निभावले की भीती पुष्कळ कमी होते, असं डॉक्टर म्हणाले. ते तास मी दवाखान्याच्या बाकावर काढले. नात एरवी मला चिकटून बसते. त्या दिवशी ती समोरच्या बाकावर बसली होती.

बंड्या वाचला. बरीचशी तंबाखू पहिल्याच उलटीत पडली होती, हे त्याचं नशीब.

घरी आल्यावर मी घर नव्या नजरेनं पाहिलं. उंदराचं औषध आपण माळ्यावर ठेवतो, फिनेल मोरीच्या वरच्या फळीवर. मिश्रीची डबी मात्र हाताशी, न्हाणीघराच्या कट्ट्यावर. पाहुण्यांची पिशवी जमिनीवर, थोटकं कुंडीत, पिकदाणी पलंगाखाली. जास्वंदीवर मावा पडला की तंबाखू भिजवलेलं पाणी आपण फवारतो आणि उरलेलं बादलीत तसंच ठेवतो. किडे मारणारं पाणी मांजराला मानवेल कसं? सिगारेट सोडण्यासाठी चघळायच्या गोळ्या मिळतात, त्यातही दोन किंवा चार मिलिग्रॅम निकोटिन असतंच. कातडीवर लावायची पट्टी काढून टाकल्यावरही तिच्यात ते शिल्लक असतं, म्हणून ती झाकणाच्या डब्यातच टाकावी. ई-सिगारेटवर आपल्याकडे २०१९ मध्ये बंदी आली, पण परदेशात असलेल्या मुलाबाळांना सांगून ठेवायला हवं. तिच्यातला द्रव फार थोडाही घातक ठरतो.

धुराचीही गोष्ट अशीच. धूर विरतो, पण त्याचा अंश सतरंजीवर आणि मांजराच्या अंगावर बसतो. मांजर दिवसभर अंग चाटतं, ते सगळं त्याच्या पोटात जातं. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, धूम्रपान करणाऱ्यांच्या घरातल्या मांजरांना लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा धोका दुपटीहून अधिक आढळला होता.

यानंतर माझी तंबाखू सुटली, असं लिहिलं तर शेवट गोड होईल. कादंबरीत लिहिलंही असतं. तशी ती अजून सुटलेली नाही. पण बँकेत तिजोरीला दोन चाव्या असत. एक अधिकाऱ्याकडे, एक हेडकॅशियरकडे, आणि दोघे असल्याखेरीज तिजोरी उघडत नसे. तीच पद्धत मी घरात आणली. पुडी आता लोखंडी कपाटात, वरच्या खणात, दोन कुलपांआड असते. एक चावी माझ्याकडे, दुसरी नातीकडे. ती शाळेत गेली की कपाट बंद. संध्याकाळी ती चावी देते, पण उघडल्यावर तिथेच उभी राहते. मी कपाट लावलं की माझा खिसा उलटा करून पाहते आणि मगच बंड्याला खोलीत सोडते.

निपाणीत पोती मोजताना व्यापारी असेच गुपचूप उभे राहायचे.