रेक्टर, वेस्ट्री आणि तळघरातलं पाणी

१७७६ च्या मार्चमध्ये ब्रिटिश फौजांनी बॉस्टन सोडलं, तेव्हा त्यांच्याबरोबर ट्रिनिटी चर्चचे रेक्टर, म्हणजे मुख्य धर्मगुरू, विल्यम वॉल्टरही निघून गेले. राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतलेल्या धर्मगुरूला बंडखोरांच्या शहरात राहणं अवघडच होतं. मागे उरले त्यांचे तरुण सहायक सॅम्युएल पार्कर आणि चर्चचा कारभार पाहणारी वेस्ट्री, म्हणजे सभासदांनी आपल्यातून निवडलेली पंचमंडळी. जुलैत स्वातंत्र्याचा जाहीरनामा बॉस्टनमध्ये वाचला गेला आणि पेच उभा राहिला. प्रार्थनापुस्तकात इंग्लंडच्या राजासाठी प्रार्थना होती. ती म्हणावी तर लोक चर्चला कुलूप ठोकतील; गाळावी तर दीक्षेच्या वेळी घेतलेली शपथ मोडते. पार्कर यांनी हा प्रश्न वेस्ट्रीपुढे ठेवला आणि राजाची प्रार्थना वगळायचं ठरलं. शहरातली बाकीची अँग्लिकन चर्चं बंद पडली, पण ट्रिनिटीतली उपासना चालू राहिली.

हा प्रसंग ट्रिनिटीच्या इतिहासात सहसा दोन ओळींत उरकला जातो. मला तो फार मोलाचा वाटतो. चर्चचा मुख्य माणूस निघून गेला, आणि एक दुय्यम धर्मगुरू व चार व्यापारी-कारागीर यांनी मिळून चर्च वाचवलं. पॅरिशची, म्हणजे एका स्थानिक मंडळीची, एपिस्कोपल पद्धतीची घडण समजून घ्यायची तर इथूनच सुरुवात करायला हवी.

एपिस्कोपल चर्च हा इंग्लंडच्या चर्चचा अमेरिकेत वाढलेला वंश. १७८९ मध्ये त्याने स्वतःची घटना आणि स्वतःचं प्रार्थनापुस्तक स्वीकारलं. ज्याच्यामुळे चर्चगेटला नाव मिळालं ते मुंबईचं सेंट थॉमस कॅथीड्रल याच घराण्यातलं. १९७० मध्ये इथले अँग्लिकन चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाले. पण मुंबई आणि अमेरिका या दोन्हीकडच्या चर्चचा संसार वेगळ्या पैशांवर उभा राहिला. मुंबईतल्या चॅप्लेनला ईस्ट इंडिया कंपनी पगार देई, पुढे सरकार देऊ लागलं. अमेरिकेत मात्र स्वातंत्र्यानंतर इंग्लंडचा आधार तुटला. आपला धर्मगुरू आपणच शोधायचा, त्याचा पगार आपणच उभा करायचा, छप्पर गळलं तर आपणच वर्गणी काढायची. बिशप होते, आजही आहेत, आणि दीक्षा देण्याचा अधिकार त्यांचाच. पण पॅरिशची मालमत्ता आणि हिशेब सांभाळायची जबाबदारी वेस्ट्रीची.

रेक्टर नेमला जातो तोही असाच. जागा रिकामी झाली की वेस्ट्री शोधसमिती नेमते. मधल्या काळापुरता एक हंगामी धर्मगुरू येतो. समिती उमेदवारांशी बोलते, त्यांचं प्रवचन ऐकून येते, त्यांच्या जुन्या मंडळीत चौकशी करते. वेस्ट्री निवड करते, बिशपची संमती घेते, आणि मग त्या व्यक्तीला आमंत्रण जातं. मात्र एकदा आलेल्या रेक्टरला वेस्ट्री वाटेल तेव्हा काढू शकत नाही. त्याला ठरावीक मुदत नसते. वाद विकोपाला गेला तर बिशप मध्ये पडतात. उपासनेत काय म्हणायचं, वेदी कशी मांडायची, कोणतं गीत गायचं हे रेक्टर ठरवतो, पैसा कुठे जायचा ते वेस्ट्री. वेस्ट्रीत दोन वॉर्डन असतात. बऱ्याच ठिकाणी सीनियर वॉर्डन रेक्टरचा विश्वासू सल्लागार असतो आणि ज्युनियर वॉर्डन इमारतीचा वाली: बॉयलर, गटार, बर्फ, फुटलेली काच. हे सगळे बिनपगारी. दिवसभर आपली नोकरी करून संध्याकाळी बैठकीला येणारी माणसं.

ट्रिनिटीचं नाव जगभर झालं ते फिलिप्स ब्रुक्स यांच्यामुळे. १८६९ ते १८९१ अशी बावीस वर्षं ते तिथे रेक्टर होते. सहा फूट चार इंच उंची, आणि बोलण्याचा वेग मिनिटाला दोनशेच्या वर शब्दांचा. लघुलेखकांची धांदल उडे. १८७२ च्या नोव्हेंबरात बॉस्टन जळालं, त्यात ट्रिनिटीचं समर स्ट्रीटवरचं ग्रॅनाइटचं चर्चही गेलं. सुदैवाने बॅक बे भागात नव्या चर्चसाठी जागा आधीच घेऊन ठेवली होती आणि हेन्री हॉब्सन रिचर्डसन या वास्तुविशारदाची निवडही झाली होती. पुढची चार वर्षं मंडळी एका तंत्रशिक्षण संस्थेच्या हंटिंग्टन हॉलमध्ये जमत राहिली. ना वेदी, ना रंगीत काचा. बांधकाम समितीतले रॉबर्ट ट्रीट पेन यांच्यासारखे सभासद पैसा, करार आणि नकाशे यांच्याशी झुंजत होते, आणि जॉन ला फार्ज व त्यांचे सहकारी ऐन हिवाळ्यात परांचीवर उभं राहून भिंती रंगवत होते. ९ फेब्रुवारी १८७७ रोजी नव्या चर्चची प्रतिष्ठापना झाली. कॉप्ली चौकातली ही इमारत आज अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या वास्तूंपैकी एक आहे.

मराठी वाचकाने ब्रुक्स यांना आणखी एका कारणाने ओळखायला हवं. वेस्ट्रीने त्यांना एक वर्षाची रजा दिली होती. त्या १८८२-८३ च्या भ्रमंतीत त्यांनी मुंबईसह भारत पाहिला. १८८३ मध्येच पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये वाँटेजला अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथेच राहून त्यांनी गावोगावी व्याख्यानं दिली. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अध्यक्ष होते युनिटेरियन धर्मगुरू एडवर्ड एव्हरेट हेल. उपाध्यक्षांमध्ये ट्रिनिटीचे रेक्टर ब्रुक्स होते. या संस्थेच्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. संस्थेची अट अशी की तिथल्या मुलींवर धर्माची सक्ती करायची नाही. वेगवेगळ्या पंथांच्या धर्मगुरूंनी आपलं नाव अशा अटीखाली द्यावं, ही त्यांच्या मोठेपणाची खूण आहे असं मी मानतो.

ब्रुक्स यांचा शिल्पकार सेंट-गॉडन्स यांनी घडवलेला पुतळा चर्चच्या बाहेर उभा आहे, आणि तो असायलाच हवा. पण धर्मगुरूच्या शब्दाला इतरांचे हात लागतात, हे त्यांच्याच आयुष्यात दिसतं. फिलाडेल्फियात होली ट्रिनिटी चर्चचे रेक्टर असताना, १८६८ च्या नाताळसाठी, त्यांनी बेथलेहेमवर मुलांसाठी एक गीत लिहिलं आणि ऑर्गनवादक लुइस रेडनर यांच्या हाती दिलं. रेडनर पेशाने जमिनींचे दलाल. रविवारच्या शाळेचे प्रमुखही तेच. शनिवार संपत आला तरी चाल सुचेना. रात्री झोपेत ती ऐकू आली, त्यांनी उठून टिपून ठेवली आणि सकाळी सूर भरले. आज ते गीत जगभरच्या नाताळात गायलं जातं.

ऑर्गनवादक हा पॅरिशमधला बहुधा सर्वांत कसबी नोकर. त्याने नुसतं वाजवून भागत नाही. गायकवृंद तयार करायचा, मुलांना स्वर शिकवायचा, अंत्यविधीच्या वेळी कुटुंबाला हवं ते गीत दोन दिवसांत बसवायचं. हॉरेशियो पार्कर यांच्यासारखा नामवंत संगीतकार १८९३ पासून ट्रिनिटीत हे काम करत होता. पुढच्याच वर्षी त्यांना येल विद्यापीठात प्राध्यापकपद मिळालं, तरी ते न्यू हेवनहून आगगाडीने बॉस्टनला येत राहिले.

आता वेदीमागच्या खोलीत जाऊ. इथे ऑल्टर गिल्डचं राज्य असतं: बहुतेक ठिकाणी स्त्रिया, बहुतेक वयस्कर, सगळ्या स्वयंसेवक. उपासना संपल्यावर लोक कॉफीला जातात तेव्हा यांचं काम सुरू होतं. प्रभुभोजनाच्या प्याल्याची कड पुसायला लिननचा लहान रुमाल असतो. त्यावर द्राक्षारसाचे आणि लिपस्टिकचे डाग पडलेले असतात. तो सरळ धुलाई यंत्रात टाकत नाहीत. आधी साध्या पाण्यात खळबळून घेतात, आणि ते पाणी गटारात जाऊ देत नाहीत. बऱ्याच चर्चमध्ये त्यासाठी वेगळी मोरी असते. तिचा नळ थेट जमिनीत उतरतो. ज्या द्राक्षारसावर आशीर्वाद झाला त्याचा थेंबही मातीलाच मिळावा, ही त्यामागची श्रद्धा. मग डाग काढायचे, कापड ओलसर असतानाच इस्त्री करायची. वेदीवर प्याल्याखाली पसरायचं चौकोनी कापड आतल्या बाजूला घडी घालत नऊ घरांत मिटतात, म्हणजे भाकरीचा कण पडला असेल तर तो आतच राहतो. हे सगळं कुणी पाहत नाही. मला वाटतं, पॅरिशची श्रद्धा खरी किती आहे हे प्रवचनापेक्षा या घडीत लवकर कळतं. गिल्डच्या वहीत कोणत्या रविवारी हिरवं वस्त्र, कधी जांभळं, कधी पांढरं हे लिहिलेलं असतं. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून, उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारची राख करायची हेही बऱ्याचदा त्यांच्याच लक्षात असतं.

वेदीपासून तळघरापर्यंतची जबाबदारी सेक्स्टनची, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या नोकराची. दारं उघडणं, उष्णता चालू करणं, खुर्च्या मांडणं, बर्फ काढणं. ट्रिनिटीत या कामाला एक विलक्षण बाजू आहे. बॅक बे हा भाग म्हणजे भरतीच्या पाण्यात भर घालून केलेली जमीन. चर्च उभं आहे ते सुमारे ४,५०० लाकडी खांबांवर, आणि मधल्या अवाढव्य मनोऱ्याचा भार ग्रॅनाइटच्या चार पिरॅमिडांवरून त्या खांबांवर उतरतो. लाकूड पाण्यात बुडालेलं असेल तोवर टिकतं. पाणी खाली गेलं, हवा लागली की कुजू लागतं. म्हणून इतर इमारती तळघर कोरडं राहावं म्हणून धडपडतात, आणि इथे पायाखालचं पाणी पुरेसं वर आहे ना, यावर नजर ठेवावी लागते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस शेजारी जॉन हॅनकॉक टॉवरसाठी खोदकाम झालं, तेव्हा माती सरकली आणि चर्चच्या पायाला व भिंतींना इजा झाली. पॅरिशने टॉवरच्या मालक विमा कंपनीवर खटला भरला. मोजमापं, तड्यांच्या नोंदी, तज्ज्ञांच्या साक्षी. १९८७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चर्चच्या बाजूने निकाल दिला. साठ मजली इमारतीच्या मालकाशी एक मंडळी इतकी वर्षं लढू शकली ती वेस्ट्रीच्या चिकाटीवर.

कचेरीचं काम थोडक्यात सांगता येईल, पण करायला ते थोडं नाही. रविवारची पत्रिका छापायची, बाप्तिस्मा-लग्न-अंत्यविधीच्या नोंदी ठेवायच्या, प्रत्येक उपासनेला किती माणसं आली ते वहीत लिहायचं, वर्षअखेर अहवाल बिशपकडे पाठवायचा. जुन्या काळी उत्पन्न बसण्याच्या बाकांच्या भाड्यातून येई. आता सभासद वर्षाला किती देणार ते आधी लिहून देतात, आणि त्या आकड्यांवर अंदाजपत्रक बसवावं लागतं. सहायक धर्मगुरू असतात. डीकन, म्हणजे सेवाकार्यासाठी दीक्षा घेतलेली माणसं, असतात, त्यांपैकी बरेच पगार न घेता तुरुंगात, रुग्णालयात, बेघरांमध्ये जातात.

या माणसांच्या म्हातारपणाचा विचार चर्चने फार उशिरा केला. ब्रुक्स १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे बिशप झाले आणि १८९३ च्या जानेवारीत वारले. त्यांच्यानंतर आलेले बिशप विल्यम लॉरेन्स यांनी देशभर फिरून पैसा उभा केला. ५० लाख डॉलरचं उद्दिष्ट होतं, जमले त्याहून बरेच जास्त, आणि १९१७ मध्ये धर्मगुरूंचा निवृत्तिवेतन निधी सुरू झाला. आज प्रत्येक पॅरिश आपल्या धर्मगुरूच्या मोबदल्याच्या १८ टक्के रक्कम त्यात भरते. सेक्स्टन, सचिव, ऑर्गनवादक यांच्यासाठी निवृत्तिवेतन चर्चच्या कायद्याने बंधनकारक करण्याचा ठराव मात्र २००९ मध्ये झाला. ब्याण्णव वर्षांचं हे अंतर मला खुपतं. खोली झाडणाऱ्याने आणि प्रवचन देणाऱ्याने एकाच वेदीशी प्रभुभोजन घ्यायचं, तर दोघांच्या उतारवयाची काळजीही एकदमच व्हायला हवी होती.

स्त्रियांनाही अशीच वाट पाहावी लागली. शतकभर त्यांनी वेदीची कापडं धुतली, पण त्या वेदीशी धर्मगुरू म्हणून उभं राहायची परवानगी त्यांना नव्हती. २९ जुलै १९७४ रोजी फिलाडेल्फियाच्या चर्च ऑफ द अ‍ॅडव्होकेटमध्ये अकरा स्त्रियांना नियम मोडून दीक्षा देण्यात आली. त्या मिरवणुकीत पुढे क्रूस धरून चालत होत्या बार्बरा हॅरिस, त्या मंडळीतल्या एक कृष्णवर्णीय सभासद, पेशाने जनसंपर्क अधिकारी. १९७६ मध्ये चर्चने नियम बदलला. हॅरिस यांनी पुढे स्वतः दीक्षा घेतली, आणि ११ फेब्रुवारी १९८९ रोजी बॉस्टनमध्येच त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. जगभरच्या अँग्लिकन परिवारातल्या त्या पहिल्या स्त्री बिशप.

ट्रिनिटीसारखं मनुष्यबळ सगळ्यांना परवडत नाही. आज अमेरिकेतल्या अनेक छोट्या पॅरिश अर्ध्या वेळेचा धर्मगुरू ठेवतात, किंवा दोन-तीन मिळून एकाला वाटून घेतात. ज्या रविवारी तो दुसरीकडे असतो त्या रविवारी परवाना असलेला एखादा सभासद सकाळची प्रार्थना चालवतो. तिथे ज्युनियर वॉर्डनच फावडं घेऊन बर्फ काढतो, ऑर्गन वाजवणारी शिक्षिकाच पत्रिका छापून आणते, आणि ऑल्टर गिल्ड म्हणजे दोन बहिणी. वेस्ट्रीच्या बैठकीत पहिला विषय छपराचा असतो आणि दुसरा धर्मगुरूच्या पगाराचा. पुढच्या वर्षी अर्ध्या वेळेऐवजी पाऊण वेळ परवडेल का, याचा हिशेब पंचमंडळी रात्री उशिरापर्यंत मांडत बसतात.