बावीसच्या सरासरीचा कप्तान

क्रिकेटमध्ये आकडे खोटं बोलत नाहीत, असं आपण म्हणतो. खरं आहे; पण कधी कधी ते अर्धंच बोलतात. इंग्लंडच्या माइक ब्रिअर्लीचे आकडे पाहा. ३९ कसोटी सामने, १४४२ धावा, सरासरी २२.८८. शतक एकही नाही. सर्वोच्च खेळी ९१ धावांची, तीही आपल्या मुंबईत, १९७७ साली वानखेडेवर. एवढ्या भांडवलावर फलंदाजाला संघात कोण ठेवील? आता दुसरा आकडा घ्या. ३१ कसोटींत कप्तान, १८ विजय आणि पराभव फक्त ४.

ब्रिअर्लीचा जन्म १९४२ सालचा, लंडनजवळच्या हॅरोचा. केंब्रिजला ग्रीक-लॅटिन आणि तत्त्वज्ञान शिकला, विद्यापीठाच्या संघाचा कप्तान झाला. १९६६-६७ मध्ये पंचविशीच्या आतल्या खेळाडूंचा संघ घेऊन तो पाकिस्तानात गेला आणि पेशावरला एकाच दिवसात नाबाद ३१२ धावा काढल्या. पुढे मात्र त्याने न्यूकॅसलला तत्त्वज्ञान शिकवणं पसंत केलं. फलंदाजाची ऐन उमेदीची वर्षं वर्गात गेली.

त्याच काळात एक प्रसंग घडला. १९६८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी केपटाऊनमध्ये जन्मलेल्या, गोऱ्यांत न गणल्या जाणाऱ्या बॅसिल डॉलिव्हेराला प्रथम वगळण्यात आलं. एम.सी.सी.च्या विशेष सभेत डेव्हिड शेपर्डने कारभाऱ्यांना जाब विचारणारा ठराव मांडला. त्याला अनुमोदन दिलं ब्रिअर्लीने. ठराव हरला. पण पुढची कारकीर्द ज्यांच्या हाती आहे त्यांच्याविरुद्ध सव्विसाव्या वर्षी उभं राहणं, ही गोष्ट धावफलकावर दिसत नाही.

१९७१ मध्ये मिडलसेक्स कौंटीने त्याला कप्तान केलं. कौंटी क्रिकेट म्हणजे उन्हाळाभर चालणारा संसार. आज लॉर्ड्स, उद्या दुसरं गाव, तीच माणसं, त्यांचे तेच रुसवेफुगवे. इथे कप्तानाचा कस लागतो. १९७६ मध्ये मिडलसेक्सने अजिंक्यपद मिळवलं. १९७७ मध्ये केंटबरोबर विभागून, मग १९८० आणि १९८२ मध्ये पुन्हा. प्रथम श्रेणीत त्याने स्वतः २५ हजारांवर धावा आणि ४५ शतकं केली. म्हणजे तो काही कच्चा फलंदाज नव्हता. कसोटीचा उंबरठा मात्र त्याला नीट ओलांडता आला नाही.

१९८१ चा उन्हाळा त्याच्या कारकिर्दीचा कळस. इयन बोथम कप्तान म्हणून १२ कसोटींत एकही जिंकू शकला नव्हता. लॉर्ड्सवर दोन्ही डावांत शून्यावर बाद होऊन त्याने पद सोडलं. निवड समितीने एकोणचाळीस वर्षांच्या ब्रिअर्लीला परत बोलावलं. हेडिंग्लीच्या सामन्याआधी त्याने बोथमला साधा प्रश्न केला : तुला खेळायचं आहे ना? हो, म्हणाला बोथम. फॉलोऑननंतर इंग्लंड ७ बाद १३५. डावाचा पराभव टाळायलाही ९२ धावा कमी. सट्टेवाल्यांनी इंग्लंडच्या विजयाला एकास पाचशे भाव दिला होता. बोथमने नाबाद १४९ ठोकल्या. ऑस्ट्रेलियाला हव्या होत्या १३० आणि धावफलक होता १ बाद ५६. ब्रिअर्लीने बॉब विलिसचं टोक बदललं. नोबॉलची चिंता सोड, फक्त वेगाने टाक, असं बजावलं. विलिसने ४३ धावांत ८ बळी घेतले. इंग्लंड १८ धावांनी जिंकलं आणि पुढे मालिकाही.

यात जादू नव्हती. हरलेल्या माणसाला त्याची ताकद आठवून द्यायची आणि चिडलेल्या माणसाला योग्य दिशा दाखवायची, एवढंच त्याने केलं. निवृत्तीनंतर तो मनोविश्लेषक झाला, यात नवल ते काय! १९८५ मध्ये त्याने कप्तानपदाच्या कलेवर लिहिलेलं पुस्तक आजही वाचलं जातं.

बावीसच्या सरासरीचा माणूस संघात ठेवणं इतर फलंदाजांवर अन्याय होता का? हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला आणि तो रास्त होता. पण हिशेब करताना एवढं ध्यानात घ्यावं : काही माणसांच्या धावा दुसऱ्यांच्या नावावर लागतात.