लाइन जाण्याआधी ठरवायचं काम

सकाळी 6.00
जऊळका हे मालेगाव तालुक्यातलं, अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावरचं गाव. इथल्या घरातूनच मी आसपासच्या लहान संस्थांचे सर्व्हर सांभाळतो. दिवसाचं पहिलं काम म्हणजे रात्रीचे बॅकअप नीट झाले का, ते बघणं. आज त्यानंतर मोठं काम आहे. एका पतसंस्थेची व्हर्च्युअल मशीन ज्या स्टोरेजवर राहणार, त्याची ऑपरेटिंग सिस्टिम ठरवायची आहे.

सकाळी 8.00
व्यवस्थापकांचा फोन येतो. त्यांचा प्रश्न एकच, "भाऊ, लाइन गेली तं हिशोब जाईन का?"
निवडीची खरी कसोटी हीच आहे. साधी फाइल एकदा ठेवली की तशीच पडून राहते. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कवर मात्र दिवसभर जागोजागी बारीक बारीक लेखन चालू असतं. आतला डेटाबेस 'नोंद लिहिली' असा निरोप मिळाला की पुढे सरकतो. नोंद तेव्हा नुसती रॅममध्येच असेल आणि वीज गेली, तर पावती खातेदाराच्या हातात असते आणि नोंद कुठेच नसते.

सकाळी 10.00
पर्याय मांडतो. ओपनमीडियाव्हॉल्ट डेबियनवर चालते, हलकी आहे, जुन्या मशीनवरही चालते. कार्यालयातल्या फाइलींसाठी मी ती आनंदाने लावतो, पण झेडएफएस ही फाइल सिस्टिम तिच्यात प्लगइनने जोडावी लागते. अनरेड सशुल्क आहे. वेगवेगळ्या आकारांच्या डिस्क एकत्र वापरायला ती सोयीची, पण तिच्या मूळ रचनेत प्रत्येक लेखनाबरोबर पॅरिटी डिस्कही बदलावी लागते, म्हणून लेखन मंदावते.

ट्रूनॅस 2005 साली फ्रीनॅस या नावाने फ्रीबीएसडीवर सुरू झाली. आता तिचं नवं काम लिनक्सवर होतं. तिचा पाया झेडएफएस, मूळची सन मायक्रोसिस्टिम्सची. झेडएफएस जुन्या माहितीवर नवी लिहीत नाही. आधी नव्या जागी लिहिते, मग खूण बदलते. प्रत्येक तुकड्याचा चेकसम ठेवते, त्यामुळे डिस्कने बिघडलेली माहिती दिली तर ती पकडली जाते.

पतसंस्थेकडे मशीन चालवणारे दोन सर्व्हर आहेत. एक बंद पडला तर दुसऱ्यावर काम सुरू व्हावं, म्हणून स्टोरेज नेटवर्कवर हवं. एकच सर्व्हर असता, तर वेगळं स्टोरेज घेऊ नका, असंच मी सांगितलं असतं. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्समध्येच झेडएफएस आहे, मग मध्ये आणखी एक पेटी आणि केबल कशाला?

दुपारी 12.00
ट्रूनॅस घेऊन बघायचं ठरवतो. आता चार डिस्कची मांडणी. रेडझेड, म्हणजे झेडएफएसची पॅरिटीवाली मांडणी, केली तर जागा जास्त मिळते, पण बारीक लेखनात अख्खा गट साधारण एका डिस्कच्या वेगाने चालतो. फिरती डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक अशी कामं उरकते. दोन-दोन डिस्कच्या मिरर जोड्या केल्या तर लेखन दोन जोड्यांत वाटलं जातं. जागा निम्मी मिळते. इथे वेग महत्त्वाचा, म्हणून मिरर.

दुपारी 2.30
आता खरी परीक्षा. एका व्हर्च्युअल मशीनमधला डेटाबेस क्रमांक टाकत नोंदी लिहितोय. 'लिहिलं' असं उत्तर आलेला प्रत्येक क्रमांक लॅपटॉपवर उतरतोय. यूपीएस बाजूला ठेवून मी स्टोरेजचा प्लग ओढतो.
'सिंक', म्हणजे लेखन डिस्कवर पक्कं झाल्यावरच 'लिहिलं' असं उत्तर देण्याची सेटिंग, बंद असताना वेग डोळ्यांत भरणारा होता, पण परत सुरू केल्यावर शेवटच्या काही सेकंदांतल्या नोंदी गायब. 'सिंक' चालू ठेवून तीच चाचणी घेतली, तेव्हा उत्तर आलेली प्रत्येक नोंद जागेवर होती. वेग मात्र पडला.

दुपारी 4.30
पडलेला वेग भरून काढायचा योग्य मार्ग म्हणजे अशी 'सिंक' लेखनं आधी टिपून ठेवणाऱ्या लॉगसाठी वेगळी एसएसडी. ती मोठी नको, पण वीज गेल्यावर हातातलं लेखन पूर्ण करण्यापुरती ऊर्जा साठवणारे कपॅसिटर तिच्यात हवेत. स्वस्त एसएसडीत ते सहसा नसतात. खर्च वाचवायचा तर दुसरीकडे वाचवावा. यूपीएसची केबल स्टोरेजला जोडून बॅटरी उतरायच्या आत ते आपोआप बंद होईल, अशी सोय केली. आयस्कझीवर, म्हणजे नेटवर्कवरून डिस्कसारख्या दिलेल्या जागेवर, मशीन ठेवली तर निम्म्याहून जास्त जागा भरायची नाही, हेही लिहून ठेवलं.

संध्याकाळी 6.30
ट्रूनॅसमध्ये व्हर्च्युअल मशीन चालवायचीही सोय आहे, मग वेगळे सर्व्हर कशाला, असं व्यवस्थापक विचारतात. 2025 मध्ये 25.04 आवृत्तीत ती सोय नव्या, प्रयोगावस्थेतल्या पद्धतीवर नेली गेली आणि 25.04.2 मध्ये जुनी परत आणावी लागली. पतसंस्थेच्या हिशोबाला अशी उलथापालथ परवडत नाही. साठवणाऱ्याने साठवावं, चालवणाऱ्याने चालवावं.

रात्री 9.00
स्नॅपशॉटची प्रत दुसऱ्या मशीनवर पाठवून तिथून हिशोबाची मशीन उभी केली. ती चालली, म्हणून अहवाल लिहिला : ट्रूनॅस, मिरर जोड्या, 'सिंक' कायम चालू, कपॅसिटरवाली लॉग एसएसडी, मशीन प्रॉक्समॉक्सवर आणि प्रत दुसऱ्या गावी.

अशी निवड तुमच्यावर आली, तर वेगाचे आकडे नंतर बघा. आधी चाचणीची माहिती भरा, प्लग ओढा आणि काय उरलं ते मोजा. ज्या सिस्टिमवर सगळं उरलं आणि बॅकअपमधून परत उभं राहिलं, तीच घ्या.