हातावर मावणारी मोटार

नवें खेळणें घरांत आलें कीं तें चार दिवसांत मोडतें, आणि मोडलें कीं वडील माणसें मुलाला नासाड्या ठरवितात. वास्तविक मूल खेळणें मोडतें तें पुष्कळदां त्याच्या पोटांत काय दडलें आहे हें पाहण्यासाठीं. ही जिज्ञासा दोषास्पद नव्हे. तिला योग्य वाट मिळत नाहीं, हा खरा दोष. मोडण्याच्या हौसेला जोडण्याच्या विद्येकडे वळविणारा एक छंद अमेरिकेंत, युरोपांत व जपानांत कित्येक पिढ्या चालत आला आहे. खऱ्या मोटारींच्या व मालमोटारींच्या प्रमाणबद्ध प्रतिकृति स्वहस्तें बनविणें आणि आपल्या कल्पनेप्रमाणें त्यांना नवें रूप देणें, हा तो छंद होय. त्याचा परिचय आमच्या वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एका कारखान्याची पाठशाळा

अमेरिकेंतील 'जनरल मोटर्स' ह्या कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढिला होता, हें पुष्कळांस ठाऊक असेल. त्याच कंपनीच्या 'फिशर बॉडी' नामक शाखेनें १९३० सालीं आपल्या देशांत मुलांसाठीं 'फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड' ही संस्था स्थापन केली. नेपोलियनच्या राजरथांवरून रचलेली एक घोडागाडी हें त्या शाखेचें बोधचिन्ह होतें. त्या गाडीची हुबेहूब लहान प्रतिकृति मुलांनीं करावी, अशी पहिली स्पर्धा. लाकूड कोरणें, पत्रा घडविणें, बैठकीचें गादीकाम, रंगकाम, सारें काम एकट्या मुलाचें. १९३१ सालीं चार विजेत्यांस प्रत्येकीं ५,००० डॉलरची शिष्यवृत्ति उच्च शिक्षणासाठीं मिळाली. आर्थिक मंदीच्या त्या दिवसांत ही रक्कम म्हणजे एखाद्या सामान्य कुटुंबाच्या मुलाचें उभें आयुष्य पालटणारी होती.

पुढें १९३७ पासून मुलांनीं स्वतःच्या कल्पनेंतील मोटार रचावी, अशी स्पर्धा सुरू झाली. ह्या मोटारी खऱ्या आकाराच्या एकबारांशानें करीत. १९४७ सालच्या स्पर्धेंत चक जॉर्डन नांवाचा एक विद्यार्थी विजयी झाला. पुढें तो त्याच कंपनींत शिरला आणि १९८६ पासून १९९२ पर्यंत तिच्या आरेखन विभागाचा मुख्य होता. कंपनीचा हेतु निखालस परोपकाराचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. होतकरू कारागीर हेरणें आणि घरोघरीं आपलें नांव पोंचविणें, हे दोन्ही लाभ तिनें साधले. १९६८ सालीं ही स्पर्धा बंद पडली. तिच्यांत एक मोठें उणें अखेरपर्यंत राहिलें. ती केवळ मुलग्यांसाठीं होती. मुलींना तेथें प्रवेश नव्हता.

प्रमाणाची विद्या

ह्या छंदाचा प्राण म्हणजे प्रमाण. सर्वांत रूढ प्रमाणें दोन : १/२४ आणि १/२५. पहिल्यांत खऱ्या मोटारीचा एक फूट अर्ध्या इंचांत बसतो. म्हणजे १५ फूट लांबीची मोटार साडेसात इंचांची होते. दुसऱ्या प्रमाणांत चुकीचा हिशेब पाहण्यासारखा आहे. प्रतिकृतींत एक मिलिमीटरची चूक झाली, तर खऱ्या गाडींत ती अडीच सेंटिमीटरची ठरते. रंगाचा थर एकदशांश मिलिमीटर जाड बसला, तर खऱ्या मोटारीवर अडीच मिलिमीटर जाडीचा लेप दिल्यासारखें होतें, आणि दारांच्या फटी बुजून जातात. म्हणूनच जाणते लोक रंगाचे अनेक थर देतात, पण प्रत्येक थर अगदीं पातळ.

वजनाचा चमत्कार तर गणिताच्या कोणत्याहि विद्यार्थ्याला आवडेल. लांबी, रुंदी व उंची तिन्हीं पंचविसाव्या हिश्शावर आलीं कीं घनफळ १५,६२५ पटींनीं घटतें. दीड हजार किलोंची मोटार त्याच द्रव्यांची, तशीच बनविली, तर ती अवघी ९६ ग्रॅम भरेल! घनाचा नियम जो विद्यार्थी पुस्तकांतून घोकतो, तो येथें त्याच्या तळहातावर उभा राहतो.

एका पेटींत तीन मोटारी

मिशिगन प्रांतांत १९४८ सालीं 'ए. एम. टी.' ही कंपनी निघाली. नव्या मोटारींच्या लहान तयार प्रतिकृति ती विक्रेत्यांस पुरवी. पुढें १९५८ सालीं तिनें प्लास्टिकच्या सुट्या भागांचे 'थ्री-इन-वन' संच काढिले. एकाच पेटींतील भागांतून कारखान्यांतून आली तशी मोटार करावी, शर्यतीची करावी, किंवा हौशी लोकांच्या पद्धतीनें रूप पालटलेली करावी, हें मुलानें ठरवावयाचें. निवडीचा हा अधिकार हेंच त्या पेटीचें खरें आकर्षण होतें. मालमोटारींचे संच आले तेव्हां काम आणखी वाढलें. लांब चासी, मागील दुहेरी आंस, चालकाची निजण्याची खोली, डिझेलच्या टाक्या, हें सर्व पायरीपायरीनें उभारावें लागतें. आणि चासी मधून कापून लांब केली तर ती सरळ रेषेंत राखणें ही खरी परीक्षा होते.

अचूकपणासाठीं कारखानेहि किती कष्ट घेतात ह्याचें उदाहरण जपानांतील शिझुओका येथील 'तामिया' कंपनीनें घालून दिलें आहे. १९७६ सालीं तिनें पोर्शे मोटारीची एकबारांश प्रतिकृति काढिली. तिच्या तयारीसाठीं कंपनीनें खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी करून पाहिली!

टप उतरविण्याची युक्ति

रूप पालटण्याची पद्धति कॅलिफोर्नियांतील कारागिरांनीं खऱ्या मोटारींवर रूढ केली. तींतील प्रसिद्ध काम म्हणजे टप खालीं उतरविणें. वरवर पाहतां सोपें वाटतें : खिडक्यांच्या खांबांतून सारखी एक पट्टी कापावी आणि टप पुन्हां बसवावा. परंतु पुढील व मागील खांब तिरपे, वर आंत झुकलेले असतात. पट्टी काढून टप खालीं आणला कीं खांबांचीं वरचीं व खालचीं टोकें एकमेकांस मिळत नाहींत. टप आंखूड पडतो. मग टप आडवा कापून मध्यें तुकडा घालून लांब करावा लागतो, सांध्यांत लांबी भरावी लागते, पाणकागदानें घासावें लागतें, अस्तराचा रंग द्यावा लागतो. आणि अस्तर दिल्यावरच उरलेले खाचखळगे उघडे पडतात. पुन्हां लांबी, पुन्हां घासणें. एका ठिकाणीं केलेला बदल दुसऱ्या दहा ठिकाणीं हिशेब मागतो, हा धडा ह्याहून स्पष्ट क्वचितच मिळेल.

आपल्या घरीं

आपल्याकडे ही दृष्टि अगदीं परकी नाहीं. दिवाळींत मातीचा किल्ला रचणारीं मुलें आणि भातुकलींत पितळी चूल मांडणाऱ्या मुली लहान आकारांत मोठें जगच उभें करीत असतात. त्यांच्या हातीं आतां फूटपट्टी व प्रमाण द्यावयाचें, एवढेंच. विषयहि दारींच आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यांत बनलेल्या पद्मिनी मोटारींची काळीपिवळी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. १९३७ पासून चालत आलेली 'बेस्ट'ची जुनी डिझेलची दुमजली बसहि त्याच वर्षीं सप्टेंबरांत थांबली. ज्या गाड्यांतून आजोबा कचेरींत गेले, त्या नातवंडांनीं पुठ्ठ्यांतून व प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांतून घडवाव्या, ह्यासारखें इतिहासाचें शिक्षण कोणतें?

एकत्र कुटुंबांत तर हें काम विशेष शोभतें. आजोबांनीं आठवणी सांगाव्या, काकांनीं मापें तपासावीं, आत्यानें बैठकीचें कापड सुचवावें. मात्र कांहीं पथ्यें पाळावींत. पहिला संच स्वस्त व थोड्या भागांचा असावा. धारदार पातें वडिलांच्या देखरेखीखालीं आणि नेहमीं बोटांपासून दूर चालवावें. डिंकासारख्या द्रव्यांचा व रंगांचा वास बाधतो. म्हणून हें काम उघड्या खिडकीपाशींच करावें. चित्रें पाहून सर्व भाग आधीं नुसते जुळवून पाहावे, मगच चिकटवावे. आणि मुलगा-मुलगी असा भेद तर मुळींच करूं नये. ती चूक अमेरिकेंत अडतीस वर्षें झाली, ती आपण कशाला गिरवावी?

सर्वांत कठीण पथ्य पालकांचें आहे. मुलाचें चाक वांकडें बसलें कीं वडिलांचे हात शिवशिवूं लागतात, आणि पाहतां पाहतां मोटार वडिलांची होते व मूल प्रेक्षक बनतें. असें होऊं देऊं नये. वडिलांनीं पुरी केलेली सुबक मोटार कपाटाची शोभा वाढवील. परंतु मुलानें दोनदां उखडून तिसऱ्यांदा बसविलेलें वांकडें चाक त्याच्या अंगीं जें बाणवील, तें कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं.